क्रोनानच्या चर्चची वाट आणि बार्टलीचा एक नकार

निवृत्त भूगोल मास्तराच्या हाती जुना नकाशा पडू देऊ नये, असा एक कायदा आमच्या आयर्लंडात व्हायला हवा. बाकी सगळ्या गोष्टींचे कायदे आहेत आणि त्यांतले बरेचसे मला यंदा तोंडपाठ झाले. एवढा एक मात्र करायचा राहून गेला.

नकाशा मिळाला तो शाळेची अडगळीची खोली आवरताना. शंभर-सव्वाशे वर्षांचा असेल. उंदरांनी त्याचा अर्धा अटलांटिक खाल्ला होता, पण आमचं क्लूनतारा गाव शाबूत होतं, आणि गावापासून निघून तळ्याकाठच्या संत क्रोनानच्या पडक्या चर्चपर्यंत एक ठिपक्याठिपक्यांची रेघ गेली होती. बरोबर दोन मैल. मी तिथंच एका मोडक्या बाकावर बसलो. ही तीच वाट! जुलैतल्या शेवटच्या रविवारी, संताच्या दिवशी, आई मला आणि माझ्या बहिणीला हाताला धरून या वाटेने चर्चला न्यायची. पुढे गावात मोटारी आल्या, आणि जिथं मोटार जात नाही तिथल्या संतांचं महत्त्व आपोआप कमी झालं. वाट काटेरी झुडपांनी गिळली.

योगायोग बघा, त्याच आठवड्यात कन्सेप्टाचा, म्हणजे त्याच बहिणीचा, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीहून फोन आला. वय अठ्ठ्याहत्तर. आई गेल्यापासून, म्हणजे एकतीस वर्षांत, तिने गावात पाऊल ठेवलं नव्हतं.

“फिंट्या, जुलैत येते,” ती म्हणाली. “माझे गुडघे म्हणतायत की आता एकच खेप, तीसुद्धा दोन मैलांची. मला क्रोनानच्या चर्चला जायचंय. चालत, आई न्यायची तसं.”

“ये तू! वाट तयार असेल,” मी म्हणालो, आणि तेवढ्यावर न थांबता पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, पत्रकात जाड अक्षरांत छापूनही टाकलं: संत क्रोनानची प्राचीन वाट यंदा पुन्हा खुली होणार, संयोजक श्री. फिंटन मल्डेरिग, निवृत्त मुख्याध्यापक.

माझी बायको डिम्पना हिने पत्रक चष्मा लावून वाचलं. “वाट आहे का?”

“होईल.”

“छापायच्या आधी झाली असती तर बरं झालं असतं,” ती म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली. थोर कार्यांना घरातूनच पहिला विरोध होतो, हे मी मुलांना चौतीस वर्षं शिकवत आलो.

आमच्याकडे दुसऱ्याच्या शेतातून चालायचा हक्क कुणालाच नसतो. शेतकऱ्याने सही दिली तर वाट, नाहीतर काटे. वाटांचं हे खातं जिल्ह्याच्या कचेरीत मरायके नावाच्या बाईंकडे होतं. मूळच्या हॉलंडच्या, अकरा वर्षं इथं राहिलेल्या, उंच, आणि पावसातही वेळेवर येणाऱ्या. आमच्या भागात एवढ्या एका गुणामुळे माणूस परदेशी म्हणून ओळखू येतो. त्यांनी मला नऊ पानांचा अर्ज दिला. तीस जूनला संध्याकाळी पाचपर्यंत सगळ्या जमीनमालकांची संमती नोंदवली गेली, तर वाट यंदा उघडणार. नाहीतर पुढच्या वर्षी.

सगळे जमीनमालक म्हणजे एकच होता. बार्टली पॅडन. रस्त्यापासून तळ्यापर्यंतची हिरवीगार चिंचोळी पट्टी त्याची, आणि वाट नेमकी तिच्या पोटातून जाणारी. बार्टली माझा विद्यार्थी. आता पन्नाशीचा आहे, पण चौथीत असताना मी त्याला आपली आयर्लंडातली शॅनन नदी दाखव म्हटलं होतं आणि त्याने स्कॉटलंडवर बोट ठेवलं होतं. मी त्याला तासभर नकाशापुढे उभा केला. तेव्हापासून त्याच्या मनात माझ्याबद्दल अढी आहे, असा माझा पक्का समज होता. माझ्या मनात काही नव्हतं, फक्त तो प्रसंग तारखेसकट लक्षात होता.

मार्चमध्ये एके सकाळी मी त्याच्या फाटकाशी गेलो. आमच्याकडे एकदम मुद्द्यावर येणं असभ्य समजतात. म्हणून मी वीस मिनिटं हवेवर बोललो, दहा मिनिटं त्याच्या मेंढ्यांवर, पाच मिनिटं त्याच्या कैलासवासी वडिलांच्या दम्यावर. ताकाला जाऊन भांडं जितकं लपवता येईल तितकं लपवलं आणि मग ढगाकडे बघत म्हणालो, “बार्टली, तुझ्या शेतातून ती जुनी वाट काढावी म्हणतोय. तुझी काही हरकत?”

बार्टलीनेही त्याच ढगाकडे पाहिलं. “नको मास्तर. राहू द्या.”

“बरं,” मी म्हणालो, आणि घरी आलो.

आता इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या गावात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. चहा घेणार का? नको. अहो घ्या. नको नको, आत्ताच झाला. घ्या हो! बरं, अर्धा कप. मग माणूस तीन कप पितो आणि पाव संपवून उठतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मास्तर वर्गात प्रश्न एकदाच विचारतो. शिवाय शॅनन नदीवरून मनात होतं ते होतंच. मी तसाच तणतणत घरात शिरलो आणि टोपीही न काढता मरायकेबाईंना फोन लावला.

“बार्टली पॅडन नाही म्हणाला!”

“स्पष्ट नाही म्हणाला?”

“स्वच्छ! तोंडावर!”

“कळवल्याबद्दल आभारी आहे. नकार नोंदवला,” बाई म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. सरकारदरबारी अपमानाची नोंद झाली की माणसाला निम्मा न्याय मिळाल्यासारखं वाटतं.

अट्रॅक्टा गिल्डी आमच्या गावचं दुकान चालवते. पुढच्या खोलीत किराणा, मागच्या खोलीत बिअर, आणि दोन्हीकडे सल्ला फुकट. दुसऱ्या दिवशी तिने हॅम कापता कापता सगळी हकिकत ऐकून घेतली.

“किती वेळा विचारलंत त्याला?”

“एकदा.”

तिची सुरी थांबली. “मास्तर, तुम्ही इथलेच ना? जा आणि पुन्हा विचारा.”

मलाही रात्रभरात ते पटलं होतं. मी पुन्हा कचेरीत फोन केला, आणि मरायकेबाईंनी मला अर्जाच्या सातव्या पानाची तळटीप वाचून दाखवली. एकदा नकार नोंदवला गेला की अर्जदाराने त्या मालकाला दोन वर्षं पुन्हा विचारायचं नाही. विचारलं तर अर्ज रद्द. शेतकऱ्यांना कुणी छळू नये म्हणून हा नियम.

“पण बाई, इथं नाही म्हणजे तसं नाही नसतं हो!”

“मग नाही म्हणजे काय असतं?” त्यांनी मनापासून विचारलं. त्यांच्या हातात पेन असणार, हे मला फोनवरूनही दिसलं. चौतीस वर्षं मुलांना समजावून सांगितलेलं काहीच माझ्या कामी आलं नाही. मी फोन ठेवून दिला.

पण मी खचलो का? छे! मला तर स्फुरण चढलं. बार्टलीच्या शेताला वळसा घालून वाट नेता येईल, हे नकाशावर मी दहा मिनिटांत सिद्ध केलं. उजवीकडून गावाच्या सामाईक दलदलीचा काठ, मग टेकाडावरचा मातीचा जुना गोल कोट, मग अट्रॅक्टाचं खालचं शेत, की आलंच तळं. अट्रॅक्टाला मी रीतसर विचारलं. तिने रीतसर दोनदा नकार दिला आणि तिसऱ्यांदा सही केली. मरायकेबाईंना मी फक्त तिसरी वेळ कळवली.

एप्रिल-मे मी अंगात वारं शिरल्यासारखा फिरत होतो. कोयता, ढकलगाडी, गमबूट. साठी ओलांडलेला माणूस काट्यांत रक्तबंबाळ होऊन शीळ घालत घरी येतो, हे बघून डिम्पनाने दोनदा माझा ताप मोजला. गावातले लोक कुंपणावर रेलून सल्ले द्यायचे, हातात कोयता मात्र कुणी धरायचं नाही. टेकाडावरच्या कोटाशी तर सगळ्यांनी मिळून मला अडवलं. तिथं मधोमध एक काटेझाड आहे आणि ते ‘त्या मंडळीं’चं, म्हणजे मातीखाली राहणाऱ्या न दिसणाऱ्या लोकांचं आहे. त्यांचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, आणि त्यांच्यावर कुणाचा विश्वासही नाही, असं प्रत्येकाने मला टोपी काढून सांगितलं. “विश्वास नाही हो मास्तर, पण झाडाला हात लावू नका.” मी म्हटलं, बरं, झाडाला सोडून दहा हातांवर एक खांब पुरतो. तर कचेरीतून पत्र आलं की कोट पुरातन आहे, वीस मीटरच्या आत खड्डा खणायला दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं. जिवंत सरकार आणि ती मंडळी एका बाबतीत एकमताने बोलताहेत, हे मी प्रथमच पाहिलं. मी वाट कोटाला वळसा घालून नेली. तो वळसा दलदलीत गेला, म्हणून दलदलीला वळसा घातला. मे संपता संपता माझी दोन मैलांची वाट साडेसहा मैलांची झाली होती.

“कन्सेप्टाचे गुडघे दोन मैलांचे आहेत,” डिम्पनाने आठवण करून दिली.

“आपण तिला मध्ये बसायला बाकडी ठेवू.”

“किती?”

मी हिशेब केला आणि कोयता घेऊन बाहेर पडलो.

या सगळ्यात बार्टलीचं वागणं माझ्या डोक्यात जात होतं. मी पलीकडच्या काट्यांत घुसमटत असायचो, आणि हा बेटा आपल्या शेतात यंत्र घेऊन गवत कापायचा. सगळं शेत नव्हे, मधली चार हात रुंदीची पट्टी, रस्त्यापासून तळ्यापर्यंत, गालिच्यासारखी. मला जळवायला! एकदा तर त्याने दगडी भिंतीत छान पायऱ्या बसवल्या आणि त्यांवर स्वतः चढून-उतरून पाहिलं. रोज संध्याकाळी फाटकाशी उभा राहून माझ्याकडे बघायचा. मी मान ताठ ठेवून जायचो. मान ताठ ठेवून चालल्यामुळे दोनदा खड्ड्यात पडलो, पण ते जाऊ द्या.

तीस जूनला दुपारी मरायकेबाई वाट पाहायला आल्या. वाट त्यांना पसंत पडली तर तिथूनच फोनने नोंद करणार होत्या. डिम्पनाही आली, कशाला विचारलं तर म्हणाली, “साक्षीदार हवा.”

पहिला मैल उत्तम गेला. दुसऱ्या मैलाला, दलदलीच्या कडेला, मी बाईंना पीटचे, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचे, थर कसे तयार होतात ते सांगत होतो. सांगता सांगता माझा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. दोघींनी मला ओढून काढलं. पाय आला, गमबूट राहिला. पीटमध्ये गेलेली वस्तू हजारो वर्षं टिकते, असं मी म्हणालो. बाईंनी ते लिहून घेतलं.

एका पायात बूट आणि एका पायात मोजा, अशा थाटात मी त्यांना अट्रॅक्टाच्या खालच्या शेतात उतरवलं. आता तळं समोर दिसत होतं. चर्चची तुटकी भिंत, आणि तिच्यामागे लखलखणारं पाणी! मी हात पसरून म्हणालो, “बघा बाई!”

“बघते आहे,” बाई म्हणाल्या. “तो वळू आहे का?”

होता. तपकिरी, कपाटाएवढा, आणि आमच्याकडे चालत येणारा. चालत म्हणजे आधी चालत. मग नाही. मरायकेबाई आणि डिम्पना दोघी भिंतीवर चढल्या. मी एका बुटाने पळालो, आणि एका बुटाने माणूस सरळ पळू शकत नाही, तो गोल पळतो. त्यामुळे मी दोनदा वळूला ओलांडून गेलो, असं डिम्पना म्हणते. मी मोजलं नाही.

इतक्यात पलीकडून बादलीचा खणखणाट आला. “फर्डी! ये रे राजा, ये!” बार्टली खुराकाची बादली वाजवत भिंतीवर उभा होता. वळूने माझ्यातला रस तत्काळ सोडला. बार्टलीने मला दंडाला धरून वर ओढलं.

“अट्रॅक्टाच्या शेतात तुझा वळू काय करतोय?” मी धापा टाकत ओरडलो.

“भाड्याने घेतलंय तिच्याकडून. तिने सांगितलं नाही?”

नंतर मी तिला त्याबद्दल जाब विचारला. “तुम्ही विचारलंत का?” ती म्हणाली. “तुम्ही वाटेचं विचारलंत.”

बार्टलीने आम्हाला त्याच्या स्वयंपाकघरात नेलं. मला एक कोरडा मोजा दिला, सोडा ब्रेड कापला, लोणी पुढे केलं. चहा विचारल्यावर मरायकेबाई “नको” म्हणाल्या आणि खरंच घेतला नाही. त्याने बार्टली इतका गोंधळला की किटली हातात धरून तसाच उभा राहिला.

“वळू तुझ्या शेतात असायचा ना?” मी विचारलं.

“असायचा.” त्याने किटली खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बोलायला लागला. “मार्चमध्ये तुम्ही आलात ना मास्तर, त्याच संध्याकाळी मी अट्रॅक्टाचं शेत घेतलं. म्हटलं, कन्सेप्टाबाई येणार असं ऐकलंय, म्हाताऱ्या माणसाच्या वाटेत वळू नको. मग गवत कापलं. भिंत चढता येणार नाही म्हणून पायऱ्या केल्या. रोज फाटकाशी थांबायचो, की मास्तर येतील, दुसऱ्यांदा विचारतील. तुम्ही मान वर करून निघून जायचात. मग मला वाटलं, यांनी आपलं एकदा विचारल्यासारखं केलं. शॅननही न सापडणाऱ्या पोराची वाट त्यांना नकोच असेल.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षं अढी होती ती माझ्याच मनात होती, आणि हा बिचारा माझ्या बहिणीसाठी पायऱ्या घडवत होता. मला माझीच लाज वाटली.

“मग विचार ना आता!” डिम्पना म्हणाली.

“विचारता येणार नाही,” मरायकेबाई म्हणाल्या. “अर्जदाराने विचारलं तर मला अर्ज रद्द करावा लागेल. मालकाने स्वतःहून देऊ केली, तर मात्र चालेल.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “पाचला दहा मिनिटं आहेत.”

“स्वतःहून?” बार्टलीचा चेहरा पडला. “कुणी न विचारता? मी आपला उठून म्हणायचं, घ्या माझी वाट? लोक काय म्हणतील? बार्टली पॅडन वाट गळ्यात मारतो?”

बार्टली चार मिनिटं अंगणात फेऱ्या मारून आला. मग टोपी काढून, चुलीकडे तोंड करून, कानापर्यंत लाल होत म्हणाला, “मास्तर. माझ्या शेतातली वाट… तुम्हाला हवी असेल… तर घ्या.”

त्या माणसाने केवढा डोंगर ओलांडला, ते मला कळत होतं. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

“छे छे, नको रे बार्टली! तुला कशाला उगाच त्रास!”

जित्याची खोड. शब्द गेले ते गेले. बार्टलीने समजून मान हलवली, कारण त्याच्या दृष्टीने सगळं रीतीला धरून चाललं होतं. पण मरायकेबाईंचं पेन कागदाला टेकलं होतं. “अर्जदार… नको… म्हणतात,” त्या सावकाश लिहू लागल्या.

डिम्पनाने टेबलाखालून माझ्या बिनबुटाच्या पायावर टाच दिली.

“हो!” मी उभा राहून किंचाळलो. “हवी! मला हवी आहे! आत्ता हवी आहे! पहिल्याच विचारण्याला हो!”

साठ वर्षांत असा निर्लज्ज शब्द मी उच्चारला नव्हता. बार्टलीने शरमेने दुसरीकडे पाहिलं. बाईंनी लिहिलेलं खोडलं, फोन लावला, आणि पाचला दोन मिनिटं असताना संत क्रोनानची वाट सरकारी दप्तरात उघडली. मग मी बार्टलीच्या गळ्यात पडलो. त्याने ते सहन केलं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी फाटकाशी साठ-सत्तर माणसं जमली. पाऊस होता, पण छत्री उघडण्याएवढा नव्हता. कन्सेप्टा निळा कोट घालून, काठी टेकत, सगळ्यांच्या पुढे. मी तिला हाताला धरायला गेलो तर म्हणाली, “तूच माझा हात धर, दलदलीत जातोस म्हणे.” पायऱ्यांशी बार्टली टोपी हातात घेऊन उभा होता. तिने त्याचा खांदा धरला आणि एकेक पायरी चढली. हिरव्या पट्टीवरून सगळं गाव बोलत, हसत, एकमेकांच्या चुका काढत चाललं होतं. वाटेवर काटा नव्हता. मला इतका आनंद झाला होता की मी चौथीच्या मुलासारखा पुढे पळत जायचो आणि परत यायचो.

चर्चच्या आत, छप्पर नाही तिथं, भिंतीच्या आडोशाला आम्ही दोघं दगडावर बसलो. तळं समोर होतं.

“दोन मैल झाले,” मी म्हणालो. “पुढच्या वर्षी येशील?”

“नको रे. आता पुरे.”

इतकी वर्षं इंग्लंडात राहिलेल्या माणसाचा नकार कुठल्या देशाचा धरायचा, ते मला कळेना.

ती तळ्याकडे बघतच म्हणाली, “आई गेली तेव्हा तू मला म्हणाला होतास, आता इथंच राहा. आठवतं?”

“आठवतं. तू नको म्हणालीस.”

“हो. आणि तू लगेच माझी पेटी उचलून बसमध्ये ठेवलीस.”

तळ्यावर दोन बदकं उतरली, ती दोघांनी बराच वेळ पाहिली.

“पुढच्या वर्षी ये,” मी म्हणालो.

“नको म्हटलं ना. गुडघे बघ माझे.”

“ये कन्सेप्टा,” मी तिसऱ्यांदा म्हणालो. इतक्या जोरात, की चर्चमधली सगळी माणसं वळून बघायला लागली.

“बरं बरं, ओरडू नकोस,” ती म्हणाली, आणि तिने माझा हात धरला. “येते.”